मिठाची पोती आणि मिरचीचा ठेचा

आमच्या वाचक मंडळाचा वार्षिक मेळावा म्हटलं की मला आधी गुडघे आठवतात. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी शाळेचा चित्रकलेचा वर्ग आम्हाला मिळायचा. बाक पाचवीच्या मुलांच्या मापाचे आणि त्यांत कोंबून बसलेली पन्नाशी-साठीची माणसं. प्रास्ताविक, वर्षाचा हिशेब, वर्गणी थकवणाऱ्यांना नाव न घेता मारलेला टोमणा, हे सगळं अर्ध्या तासात उरकायचं. लोक यायचे ते पुढच्या चर्चेसाठी. दिवाळीत एक जाडजूड कादंबरी ठरायची आणि मेळाव्यापर्यंत ती वाचून यायची, एवढाच नियम.

बऱ्याच कादंबऱ्यांचा आम्ही कीस पाडला, पण देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादवांवरच्या त्या कादंबरीचं वर्ष वेगळंच. दोन खंड, मिळून नऊशेच्या घरात पानं. ग्रंथालयात पहिल्या खंडाच्या तीन प्रती आणि दुसऱ्याच्या दोन, त्यामुळे नंबर लावावे लागले. आमच्या वकीलसाहेबांना पहिला खंड काही मिळेना, म्हणून त्यांनी सरळ दुसरा वाचून काढला आणि पहिला वाचलाच नाही. मेळाव्यात सर्वांत ठाम मतं त्यांचीच होती.

खरी चर्चा मात्र मेळाव्याच्या आधीच सुरू झाली होती, पुस्तकाच्या समासात. पहिल्या खंडात एक घोडेस्वार घाट उतरताना ओढ्याकाठी थांबतो आणि फडक्यात बांधलेली भाकरी नि मिरचीचा ठेचा खातो. माझ्याकडे ती प्रत आली तेव्हा त्या ओळीशेजारी शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘मिरची??’ त्याखाली वेगळ्या, तिरक्या अक्षरात, ‘मग काय मिऱ्यांचा ठेचा?’ त्याखाली तिसऱ्या हातानं, ‘शेंगदाणेही आहेत, तेही पाहावे.’ आणि सगळ्यांच्या खाली निळ्या शाईच्या पेनानं, ‘ग्रंथालयाच्या पुस्तकात कृपया लिहू नये.’

पहिलं प्रश्नचिन्ह बाईंचं होतं. बाई त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. मला सातवीत इतिहास त्यांनीच शिकवला, त्यामुळे मंडळात मी त्यांच्यापुढे कायम सातवीतच असायचो. उठल्या त्या हातात चिठ्ठी घेऊन. मिरची, शेंगदाणा, बटाटा, मका हे सगळं अमेरिका खंडातलं. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. मग ही पिकं पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली. कादंबरीतल्या यादव राजाचं, रामदेवरायाचं राज्य त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. तेव्हा तिखटाला मिरे होते, पिंपळी होती, आलं होतं. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त इडली-वड्यांचे पूर्वज सापडतात, पण मिरची नाही. ‘एका ओळीत दोन चुका,’ असं म्हणून बाई बसल्या.

‘बाई, पण तो स्वार मला तिथेच आवडला,’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. खसखस पिकली. खरं सांगायचं तर मलाही तो तिथेच आवडला होता.

मग भाषेवरून जुंपली. कादंबरीतला रामदेवराय चाळिसाव्या पानाच्या आतच कुणाला तरी ‘शाबास’ म्हणतो. सरदार मुजरे करतात, हुकूम सुटतात. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की शिवकाळाची भाषा कानात बसलेली असते; लेखकानं तीच शंभर कोसांवरून उचलून यादवांच्या तोंडी घातली. बाईंचं म्हणणं, १२९६ ला अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर येईपर्यंत त्या दरबारात मुजरा कसला आणि हुजूर कोण? वकीलसाहेब लेखकाच्या बाजूनं उभे राहिले. ‘बाई, वकील, अर्ज, दावा, फिर्याद, तारीख हे शब्द काढून घेतलेत तर मी नुसता काळा कोट घालून उभा राहीन. लेखकानं तरी काय करायचं?’

बाईंनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून ‘लीळाचरित्र’ काढलं, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा यादवकाळातल्या मराठीतला ग्रंथ, आणि त्यातली एक लीळा, एक आठवण, वाचून दाखवली. एवढंसं पान, पण आमच्यातले निम्मे तरी चाचपडले. अर्थ लागला की हसू यायचं, मग पुढच्या वाक्याला पुन्हा अडायचं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘नऊशे पानं अशी लिहिली असती तर मीही वाचली नसती.’ मी आजही ‘शाबास’ खपवून घ्यायला तयार आहे. ‘जी हुजूर’ मात्र नाही, इतकाच माझा निकाल.

मुखपृष्ठाचा निकाल कॉलेजातल्या एका मुलानं दोन मिनिटांत लावला. यादव राजाच्या मागे किल्ला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी दिमाखात उभा चाँदमिनार. तो पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. वर्गात इतका हशा झाला की शिपाई दारातून डोकावून गेला.

माझी फजिती त्यानंतरची. वेढ्याचं प्रकरण माझ्या वाटणीला आलं होतं. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेलं, खलजी अचानक येऊन थडकलेला. गडावर घाईघाईनं धान्याची म्हणून पोती ओढून नेलेली. काही दिवसांनी शिधा वाटायला एक पोतं फोडतात. सुरी फिरते, पायाशी पांढरे खडे सांडतात. कोठारावरचा म्हातारा एक खडा जिभेवर ठेवतो आणि काही न बोलता दुसऱ्या पोत्याकडे वळतो. मग तिसऱ्याकडे. सगळं मीठ. हे मी रंगवून सांगितलं आणि जोशात म्हणालो, ‘इतिहासात तशी नोंदच आहे.’

‘कुणाची?’ बाईंनी विचारलं.

मी खडूकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. बाईंनीच सांगितलं. ही हकीगत फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या ग्रंथात येते आणि तो घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहीत होता. ‘कादंबरीला चालेल. तू मात्र शपथेवर सांगू नकोस.’ आणि जरा थांबून, ‘सगळ्या पुस्तकात मला तेच प्रकरण आवडलं, बरं का. तो म्हातारा इतिहासात कुठेच नाही. लेखकाचाच आहे.’ दुसऱ्या खंडाची शेवटची दीडशे पानं मी वाचलीच नव्हती, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. आलंही असेल.

दुपारनंतर दोन मतं आली, ती मला चर्चेतली सर्वांत मोलाची वाटतात. एक मुलगी म्हणाली की या कादंबरीतल्या बायका खिडकीशी उभ्या राहतात, निरांजन लावतात आणि रडतात. त्याच काळात कवयित्री महदाइसा धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचत होती, चक्रधरस्वामींना प्रश्न विचारून भंडावत होती. ती लेखकाला दिसली कशी नाही? वकीलसाहेबांकडे याला उत्तर नव्हतं. त्यांनी पहिला खंड वाचलेला नव्हता, दुसऱ्यात तर बायका त्याहूनही कमी होत्या.

दुसरं मत एका अबोल गृहस्थांचं. दरवर्षी यायचे, शेवटपर्यंत बसायचे, बोलायचे नाहीत. कादंबरीत यादवांचा प्रधान हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, हा थोर पंडित, कुशल प्रधान, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून उभ्या केलेल्या देवळांचा प्रेरक. ते गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘आमचं घर महानुभाव. आमच्याकडे हेमाद्रीचं नाव असं घेत नाहीत.’ आवाज चढवला नाही. चक्रधरस्वामींच्या छळाशी त्यांची परंपरा हेमाद्रीचं नाव जोडते, एवढं सांगितलं. मग म्हणाले, ‘माझी तक्रार त्याबद्दल नाही. नऊशे पानांत राजवाडा आहे, गड आहे. गाव कुठे आहे? लीळाचरित्रात गावं आहेत, माळी आहेत, गुराखी आहेत, भांडणारी माणसं आहेत. ती वाचली की तो काळ मला दिसतो.’ वर्ग थोडा वेळ गप्प होता. बाईंनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. बाईंची तशी मान मी सातवीतही फार वेळा पाहिली नव्हती.

शेवटी पुढच्या वर्षीच्या पुस्तकासाठी हात वर करायचे. ‘यंदा पातळ काहीतरी घ्या,’ म्हणून दिवसभर कुरकुर चाललेली. पातळ पुस्तकाला चारच हात वर झाले. तीन खंडांची कादंबरी ठरली आणि तिच्या बाजूनं पहिला हात बाईंचा होता. ग्रंथपालांनी तिथेच वही उघडली. पहिल्या खंडाच्या सगळ्या प्रती बाकांच्या पहिल्या दोन रांगांतच संपल्या. वकीलसाहेब मागच्या रांगेत होते. गुडघे चोळत पुढे आले, थोडं घुटमळले आणि दुसरा खंड काखेत मारून घरी गेले.