आमची वाटचाल : दुमड घालता घालता

ग्लासगोत आमचं ऑल्टरेशनचं छोटं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाची बाही कमी करणं, अशी रोजची कामं. किल्टच्या, म्हणजे इथल्या स्कॉटिश पुरुषांच्या चुण्यांच्या घागऱ्याच्या, वाटेला आम्ही गेलोच नव्हतो; तो इथल्या किल्टमेकर मंडळींचा प्रांत. शिवाय अस्सल लोकरी किल्टला खाली दुमड नसतेच, तिथे मागावरची किनारच येते. सुमारे 54 इंच पन्ह्याचं चार वार टार्टन (चौकड्यांचं लोकरी कापड) मधोमध उभं कापायचं, दोन्ही पट्टे जोडले की आठ वार तयार, आणि खाली सलग किनार. माझं माहेर इचलकरंजीचं, मागांच्या खडखडाटात वाढलेली मी. अशी घट्ट किनार दिसली की हात आपोआप फिरतो तिच्यावरून.

काम आलं ते घरी शिवलेल्या किल्टांमुळे. मापाचा लोकरी किल्ट शेकडो पौंडांना पडतो, म्हणून हौशी लोक डेनिम, ड्रिल, लिनन, पॉलिव्हिस्कोज (पॉलिस्टर-व्हिस्कोजचं मिश्र कापड), हाती लागेल त्यात शिवतात. यातल्या बहुतेक कापडांना खाली दुमडावंच लागतं, आणि तिथेच गाडी अडते.

25 जानेवारीच्या बर्न्स नाइटच्या, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ होणाऱ्या मेजवानीच्या, तोंडावर एक तरुण काळ्या डेनिमचा किल्ट घेऊन आला. प्लीट, म्हणजे चुण्या, घातलेले, वर पक्के शिवलेले, कडक इस्त्री. म्हणाला, ‘‘फक्त खाली दुमडून द्या.’’ फक्त! एका प्लीटमध्ये कापडाचे किमान तीन थर. एकदा दुमडलं की सहा, जीनसारखं दोनदा दुमडलं की नऊ. डेनिमचे नऊ थर म्हणजे खाली फळीच. सगळे प्लीट खालून मोकळे केले, धागे सुटू नयेत म्हणून कडेला ओव्हरलॉकची शिलाई मारून एकदाच दुमडलं, जोडावरची शिलाई हातोडीने ठोकून बसवली, सोळा नंबरची सुई लावली आणि पुन्हा एकेक प्लीट इस्त्रीने बसवला. तेव्हापासून विचारायला येणाऱ्याला आधीच सांगते : लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत पक्की करा, सपाट कापडालाच दुमड घाला, प्लीट नंतर.

पॉलिव्हिस्कोजचे धागे सुटतात आणि इस्त्री जास्त तापली तर चकाकी येते, म्हणून वर ओलं फडकं हवंच. लिनन आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. सुटिंगच्या पातळ लोकरीला हाताची तुरपाई, दर टाक्याला कापडाचा एकच धागा उचलून. मशीनची टीप तिथे मला बघवत नाही.

दर आम्ही नगावर नाही, वारावर लावतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. कंबर छत्तीसची असली तरी खालची कड सात-आठ वारांची असते, हे टेप धरून दाखवावं लागतं.

लोकरी किल्ट आखूड करायला कुणी आणला, तर त्या किनारीला मी कात्री लावत नाही. तो कंबरेकडून उसवून वरूनच कमी करायला हवा. ते काम जवळच्या किल्टमेकरकडे पाठवते. डेनिमचे किल्ट घेऊन येणाऱ्यांना मात्र तो किल्टमेकर आमच्याकडे धाडतो.