यादीत आहे, शोरूममध्ये नाही

छोटी नवी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करावी: बुकिंगच्या पावतीवर मॉडेलबरोबर व्हेरिएंटचं (म्हणजे त्याच गाडीच्या स्वस्त-महाग प्रकाराचं) पूर्ण नाव लिहून घ्यावं. माझे सात आठवडे तिथेच गेले.

निवडीला वेळ लागलाच नाही, निवडायला उरलंय काय? अल्टो ८०० बंद झाली २०२३ मध्ये. त्याच वर्षी युरोपात १९७६ पासून चाललेली फोर्ड फिएस्टाही थांबली आणि फोक्सवॅगनची 'अप' नावाची छोटी गाडीसुद्धा. उरलेल्यांतली एक ठरवली, तिचं सगळ्यात स्वस्त मॉडेल. काचा हाताने फिरवायच्या? फिरवीन की.

शोरूममध्ये उभं होतं टॉप मॉडेल. "मॅडम, सनरूफ बघा ना." बेस मॉडेल? "वेटिंग आहे." किती? "कंपनीला विचारून सांगतो." मी पैसे भरले, पावती घेतली आणि दर सोमवारी फोन करत बसले. प्रत्येक वेळी तेच उत्तर, वर "मधलं मॉडेल मात्र उद्या देतो." सातव्या आठवड्यात तडक मॅनेजरसमोर जाऊन बसले. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं, मग माझ्याकडे. बेस मॉडेलची ऑर्डर गेलीच नव्हती! पावतीवर फक्त गाडीचं नाव आणि रंग. म्हणजे इतके दिवस मी कुठल्याच रांगेत नव्हते. मी कंटाळून वरचं मॉडेल घेईन, याचीच ते वाट बघत होते, असं माझं मत.

मॅनेजरांनी मग समजावलं: एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा), धूर कमी करणारी यंत्रणा यांचा खर्च छोट्या गाडीत मोठीच्या मानाने फारसा कमी होत नाही, त्यामुळे नफा उरत नाही. पटलं. २०२१ च्या चिप-टंचाईतही कंपन्यांनी महागड्या गाड्यांनाच आधी चिप दिल्या होत्या. सुरक्षेचे पैसे मी कुरकुर न करता देईन. पण सनरूफ कुठल्या कायद्यात लिहिलंय?

नवी पावती समोर बसून करून घेतली. हो, रंगाचा हट्ट धरू नका, मी "जो असेल तो" म्हटलं आणि गाडी चार आठवड्यांत आली. विम्याचे दर बाहेरही विचारा, मी आळस केला.

चावी देताना पोरगा म्हणाला, "मॅडम, निदान व्हील कव्हर तरी टाकू?"

नाही टाकलं.