आपल्या पाठोपाठ येणाऱ्यासाठी

जिमला नव्याने येणारे बरेच जण जरा चाचरत एकच प्रश्न विचारतात: इथे वागायचं कसं, कुणाला आपला त्रास होऊ नये म्हणून काय सांभाळायचं? तुम्हीही विचारलंत, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

निम्म्याहून जास्त उत्तर प्लेटांमध्येच, म्हणजे वजनाच्या गोल चकत्यांमध्येच आहे. तुमच्यानंतर मशीनवर कोण येणार हे तुम्हाला ठाऊक नसतं. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, 20 किलोच्या आठ प्लेटा तशाच ठेवून गेलात, तर पाठीच्या दुखण्यातून नुकतंच उठलेल्या माणसाला व्यायामाआधीच 160 किलो उतरवावे लागतात. तो संकोचाने कुणाला सांगत नाही, मशीनच टाळतो. याचं मला फार वाईट वाटतं. शेवटच्या सेटनंतर (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी) हातपाय थरथरत असतील तर दोन मिनिटं थांबा, पण चढवलेलं स्वतः उतरवा.

उतरवण्याचीही रीत आहे. एका बाजूच्या सगळ्या प्लेटा काढून मग दुसरीकडे वळायचं नाही. दोन्ही टोकांना प्लेटा अडकवायचा मोठा रॉड साधारण 20 किलोचा असतो. बेंचचे खांब जवळजवळ असतील, तर एकाच बाजूला 40 किलो उरले तरी तो उलटू शकतो आणि रिकामं टोक शेजारच्याच्या तोंडावर येतं. डावीकडची एक, उजवीकडची एक, असंच काढत जा. जागेवर ठेवताना जड प्लेटा खालच्या खुंटीवर, हलक्या वर. 5 किलोच्या पुढे 20 ची अडकवली, की 5 ची हवी असलेल्याला आधी 20 ची काढावी लागते, आणि बहुतेकदा त्यालाच ती झेपत नसते. डंबेलही म्हणूनच आकड्याप्रमाणे ठेवायचे.

डंबेल उचलले की रॅकपासून दोन पावलं तरी मागे या. तिथेच उभं राहून सेट मारलात तर समोरच्या चार-पाच जोड्या सगळ्यांसाठी अडतात. बेंचवर सेट संपल्यावर डंबेल दोन्ही बाजूंना टाकून देऊ नका. आधी मांड्यांवर टेकवा, उठून बसा, मग खाली ठेवा. सारखे आपटून आतला बोल्ट सैल होतो आणि डंबेलचं टोक दुसऱ्या कुणाच्या हातात, डोक्यावर असताना निखळू शकतं.

गर्दीत ‘किती सेट राहिलेत?’ असं विचारणं उद्धटपणा नाही, फक्त समोरच्याचा सेट चालू असताना विचारू नका. त्याहून बरं म्हणजे ‘मधे मधे मी मारू का?’ तो दोन मिनिटं थांबतो, तुमचा सेट 40 सेकंदांत होतो, कुणाचाच वेळ जात नाही. उठताना मशीनचं वजन ठरवणारी पिन त्याच्या वजनावर परत लावा. स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा काढताना, मात्र दोघांच्या उंचीत वीतभर फरक असेल तर रॉड टेकवायचे हुक दर वेळी हलवावे लागतात, तिथे सरळ वाट बघा. आणि मशीनवर बसून मोबाइल बघत विश्रांती घेऊ नका, बाजूला उभं राहूनही ती होते.

घामाचं म्हणाल, तर गजकर्ण टॉवेलवरून आणि पुसायच्या राहिलेल्या बेंचवरूनही पसरू शकतं. टॉवेलच्या एका कोपऱ्यावर खूण करा: ती बाजू बेंचला, दुसरी चेहऱ्याला. जंतुनाशक कापडावर फवारा, ट्रेडमिलच्या बटणांवर नको. लगेच कोरडंही करू नका, बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहावं लागतं. अंगावर जखम असेल तर झाकून या.

उग्र अत्तर नको, धापा टाकणाऱ्याला ते सोसत नाही. कपडे बदलायच्या खोलीत मोबाइलचा कॅमेरा उघडायचाच नाही. न मागता सल्ला देऊ नका, पण रॉडला प्लेटा घसरू न देणारी क्लिप लावायची राहिली असेल तर सेट सुरू होण्याआधी जरूर सांगा.

कुणी बेंच प्रेसला, म्हणजे बेंचवर उताणं झोपून रॉड वर ढकलताना, सपोर्ट मागितला तर आधी तीन गोष्टी विचारा: किती रेप मारणार (रॉड किती वेळा उचलणार), रॉड हुकांवरून काढून देऊ का, आणि हात कधी लावू. डोक्यामागे उभं राहून तळवे रॉडखाली ठेवा, पण टेकवू नका. रॉड हळू चढतोय एवढ्यावरून हात लावलात तर त्याचा तो रेप वाया जातो. रॉड थांबला किंवा खाली यायला लागला, की मग धरा. डंबेल प्रेसला कोपराखाली नव्हे, मनगटाशी आधार द्या, कारण कोपर वर ढकललं तरी हात दुमडून डंबेल चेहऱ्यावर येऊ शकतो. आणि रॉड हुकांत दोन्ही बाजूंनी बसला हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात काढू नका.