तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात राहून डेंपो कशाला?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. "तुम्ही टिळकवाडीचे, मराठी माणूस, राहता कर्नाटकात आणि फुटबॉलचा संघ धरलाय गोव्याचा? डेंपो? ते अजून खेळतात तरी का?" शेवटचं वाक्य मुद्दाम टोचायला असतं, त्याच्याकडं नंतर येतो. आधीच्या भागाची मला गंमत वाटते. विचारणाऱ्याच्या अंगात पुष्कळदा बार्सिलोनाची नाहीतर मँचेस्टर युनायटेडची जर्सी असते. मँचेस्टर चालतं, आणि चोर्ला घाट उतरला की लागणारा गोवा परका! पणजी आमच्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. चांगला फुटबॉल जवळ जिथं मिळेल तिथं माणूस जातो, त्याला रेशनकार्डावरचा पत्ता कशाला बघायचा?

माझ्या बाबतीत हे भाजीमुळं झालं. बेळगावची भाजी रोज रात्री गोव्याला जाते, हे इकडं कुणाला सांगायला नको. माझे मामा ट्रकवर होते. कोबी, फ्लॉवर, मिरचीची पोती भरून खानापूर, लोंढा करत अनमोड घाटानं उतरायचं, पहाटे मडगावच्या बाजारात माल टाकायचा. रविवार असला की मामा लगेच परत फिरायचे नाहीत. दुपारपर्यंत ट्रकच्या सावलीत झोप काढायची आणि मग मडगावातच फातोर्ड्याच्या स्टेडियमवर. सुट्टीत मीही केबिनमध्ये बसून जायचो. मडगावात मामांचा माल घेणारा व्यापारी पक्का डेंपोवाला, त्यामुळं आम्हीही त्याच गॅलरीत. तो साळगावकर या गोव्याच्याच दुसऱ्या संघाचा असता तर मी आज दुसरंच काही लिहीत बसलो असतो, हे कबूल.

फातोर्ड्याच्या गॅलरीतलं मला काय आठवतं विचाराल तर खेळाच्या आधी आवाज आठवतो. बेळगावात कॅम्पात किंवा लेले मैदानावर सामना बघताना लोक खेळाडूला शिव्या देतात. तिथं म्हातारी माणसंसुद्धा खेळाडूला शिकवत होती. माझ्या शेजारी एक टोपीवाले आजोबा असायचे. चेंडू आपल्या बॅककडं आला की कोंकणीत पुटपुटायचे, "रे, वचूं नाका... राव... आतां दी!" जाऊ नको, थांब, आता दे. आणि चेंडू खरंच तिथंच जायचा. जणू बॅकला ते ऐकू येत होतं. सामना सुटल्यावर बाहेरच्या गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे वरून रस्सा घातलेलं ऑम्लेट, आणि पाव. मामा त्यात वरून मिरची मागायचे. गाडेवाला म्हणायचा, "बेळगावकार न्ही?"

क्लबाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण इकडच्या पोरांना तो ठाऊक नसतो. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. त्यानंतर तिथं फुटबॉलला पैसा मिळाला तो खाणींतून. लोहखनिज बोटीवर चढवून परदेशी पाठवणाऱ्या पेढ्यांनी संघ पोसले: डेंपो, साळगावकर, सेसा. खेळाडूला पगार मिळायचा, घर चालायचं, पोरगा शाळेत जायचा. सत्तरच्या दशकात डेंपोनं मुंबईला जाऊन रोव्हर्स कप ही जुनी मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा कोलकात्याच्या मंडळींना पहिल्यांदा कळलं की खाली कोकणातही कुणीतरी चेंडू मारतं. पेढीवर चालणाऱ्या संघाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. माझं म्हणणं असं, की राजकारण्याच्या वाढदिवसाला चषक भरवून दुसऱ्या दिवशी विसरण्यापेक्षा ती पेढी बरी.

आता 2004. माझ्या मते डेंपोची खरी गोष्ट इथं सुरू होते आणि मला ती नीट सांगायची आहे. त्या वर्षी ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर आला. 5 डिसेंबर, रविवार, फेडरेशन कपची अंतिम लढत, बेंगळुरूचं कंठीरव स्टेडियम, समोर कोलकात्याचा मोहन बागान. ज्युनियरनं पहिला गोल केला. दुसऱ्या अर्धात दुसरा केला, आणि तो मारतानाच पुढं आलेल्या गोलकीपरशी त्याची धडक झाली. तो उठला नाही. डेंपोनं 2-0 नं कप जिंकला, दोन्ही गोल त्याचे, आणि तो गेला होता. मला हे सोमवारी सकाळी तरुण भारतमध्ये कळलं. आमच्या घरात तो पेपर गोव्याच्या बातम्यांसाठीच मामा उचलायचे. त्या दिवशी त्यांनी पान उलटलंच नाही. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवरून मग बरंच रान उठलं. ते उठायलाच हवं होतं. क्लबानं दहा नंबरची जर्सी कायमची ठेवून दिली.

लोक विचारतात, संघावर जीव कधी जडला? पहिल्या सामन्याला नाही. त्यानंतरच्या महिन्यांत. कारण असा घाव बसलेल्या संघानं त्याच मोसमात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मागं कोण, तर गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब. कोलकात्याचे दोन्ही मोठे संघ खाली. त्या मे महिन्यात मामा ट्रकचा हॉर्न उगाचच वाजवत घाट चढले.

पुढची वर्षं सोन्याची होती, आणि सुखाबद्दल लिहिण्यासारखं फार नसतं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. मागं महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बाजूला क्लिफर्ड मिरांडा, पास काढायला ब्राझीलचा बेटो आणि गोल मारायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. 2006-07 ची लीग पुन्हा आपली. नाव बदलून आय-लीग झाली तर पहिलीच, 2007-08 ची, आपली. मग 2009-10, मग 2011-12. आठ मोसमांत पाच वेळा देशात पहिले. 2008 मध्ये एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलो, तिथं लेबनॉनच्या सफानं अडवलं. 2011 मध्ये एअर इंडियाच्या संघाला 14-0 नं हरवलं. तो स्कोअर ऐकून मामा म्हणाले होते, "हे काय, कबड्डी खेळले का?" मला आवडायचं ते वेगळंच: बेटो चेंडू घेऊन उभा राहायचा, काहीच करायचा नाही, आणि तेवढ्यात रँटी दोन बॅकच्या मधून सुटलेला असायचा. झी स्पोर्ट्सवर कॅमेऱ्याला ते पकडता यायचं नाही. मैदानातच बघायला हवं होतं.

मग घसरण. रँटी 2012 मध्ये क्लब सोडून गेला, कुलासो पुढच्या वर्षी. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि गोव्याच्या फुटबॉलखालची जमीनच हलली. डेंपोंनी आपला खाणीचा धंदा 2009 मध्येच विकला होता, पण एकूण वारं बदललं ते बदललंच. 2015 मध्ये आपण चक्क खालच्या श्रेणीत ढकललो गेलो. तक्त्यात आपल्याही खाली पुण्याचा एक नवा संघ होता, पण नवा म्हणून त्याला खाली न ढकलण्याचं नियमानं अभय होतं. मला अजून राग येतो, लिहून टाकतो. पुढच्याच मोसमात दुसरी श्रेणी जिंकून आपण परत वर आलो.

आणि वर येऊन खेळलोच नाही! 2016 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं इंडियन सुपर लीगला पहिली श्रेणी करून आय-लीग खाली ढकलायचा घाट घातला, तेव्हा डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढलं. "ते अजून खेळतात का?" हे टोचणं इथून येतं. माझं मत विचाराल तर तत्त्व बरोबर होतं. पाच वेळा जिंकलेल्या संघानं बाजारात पैसे मोजून जागा मिळवलेल्यांच्या खाली का बसावं? पण किंमत मालकांनी मोजली नाही. ज्यांचं वय तेव्हा बावीस-तेवीस होतं त्या पोरांनी मोजली. आणि 2014 मध्ये त्याच सुपर लीगसाठी एफसी गोवा हा संघ उभा करताना मालकांत डेंपो आणि साळगावकर ही नावंही होतीच, तेव्हा सगळंच काळं-पांढरं नव्हतं. एफसी गोवाचे सामने मी बघतो, गर्दीत मजा येते. जीव मात्र लागत नाही, त्याला काय करणार?

त्यानंतर डेंपो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पोरांवर मेहनत घेत राहिला, आणि प्रशिक्षक झाला तोच समीर नाईक. त्या वर्षांत मी सामन्याला गेलो की ओळखीचे चेहरे भेटायचे, नवे क्वचितच. वाटेत कणकुंबीला म्हादईच्या पाण्यावरून चाललेल्या गोवा-कर्नाटक वादामुळं पोलिसांची नाकाबंदी असायची. गाडीचा नंबर बघून विचारायचे, कुठं? फुटबॉल बघायला, म्हटलं की हसून सोडायचे. इतकं फालतू कारण कोण खोटं सांगेल?

2024 मध्ये आय-लीग दोन या खालच्या श्रेणीतून डेंपो पुन्हा वर चढला, दुसऱ्या क्रमांकानं. पहिला होता एससी बेंगळुरू. आमच्या ऑफिसात हुबळीचा एक सहकारी आहे. माझं कपाट त्याला माहीत आहे, आत निळी-पांढरी जर्सी टांगलेली असते. तो सकाळीच टेबलाशी येऊन उभा राहिला. "आता बोला की सर, कर्नाटक का गोवा?" मी म्हटलं, तुमचा संघ वर आला याचा मला आनंदच आहे, खुशाल जिंका. आमच्याशी होणारे दोन सामने तेवढे हरा म्हणजे झालं.