चुलत आजोबांची दुसरी

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे दोन खोल्यांचे घर आहे. घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलत आम्ही वाढलो. वडील यंत्रमागावर टॉवेल विणत आणि आई उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असे. भिजवलेले पान मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, वळून दोरा गुंडाळायचा आणि तोंड दुमडायचे, हे सारे तिची बोटे न पाहता करीत. हजार विड्या हे तिच्या दिवसाचे माप होते, आणि कारखान्यात माल देताना ज्या विड्या बाजूला काढल्या जात त्यांची मजुरी बुडत असे. २०११ साली मला अभियांत्रिकीला जागा मिळाली तेव्हा शुल्काचा आकडा ऐकून तिने मनातल्या मनात त्याच्या विड्या केल्या असाव्यात. ती काही बोलली नाही, फक्त सूप पुन्हा जवळ ओढले.

घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाची चिकाटी म्हटले की लोकांना रात्रीचा अभ्यास आठवतो. तो मीही केला, पहिल्या वर्षी गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तीही सोडवली. परंतु माझा कस खरा लागला तो कागदांपुढे. आमचा पद्मशाली समाज राज्यात विशेष मागास प्रवर्गात येतो, आणि या प्रवर्गातून प्रवेश टिकवायचा तर जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. बहुतेक घरांत हा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. माझे आजोबा मात्र शाळेची पायरी न चढताच १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत कामाला लागले होते. ज्या घरात कोणी शिकलेले नाही, त्याच घरातल्या मुलाकडे आजोबांच्या शाळेचा कागद मागितला जातो, याचे मला तेव्हा रडू येई आणि आज राग येतो.

वडील रातपाळी संपवून, अंगावरची कापसाची तूस झटकून, न झोपता माझ्याबरोबर निघत. एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवले जाई, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला काय विचारावे हेच आम्हा दोघांना कळत नसे. शेवटी आजीला आठवले, "धाकटे दीर दुसरीपर्यंत जात होते की शाळेत."

महापालिकेच्या त्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः कपाट उघडले आणि कडा झिजलेल्या नोंदवह्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. तिसऱ्या वहीत चुलत आजोबांचे नाव सापडले. फिकट जांभळी शाई, जातीच्या रकान्यात 'पद्मशाली', आणि शाळा सोडल्याच्या कारणापुढे एकच शब्द, 'गैरहजर'. वडिलांना वाचता येत होते ते जेमतेम. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. आडनावातल्या एका अक्षराचा फरक होता, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले, वंशावळ लिहून द्यावी लागली, पण प्रमाणपत्र मुदतीत हाती आले.

पुढे नोकरी लागली, वडिलांची रातपाळी सुटली. लोक मला जिद्दीचा म्हणतात तेव्हा मी त्यांना चुलत आजोबांची गोष्ट सांगतो. त्यांच्या घरच्यांनी त्यांना दोन वर्षे शाळेत धाडले नसते, तर माझ्या जिद्दीला उभे राहायला जागाच नव्हती. मी घरातला पहिला शिकलेला, असे म्हणणे त्यामुळे मला पटेनासे झाले आहे.

शाळेच्या नोंदवहीतला तो उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी कपाटात ठेवला आहे. या जूनमध्ये चुलतभावाची मुलगी त्याची झेरॉक्स न्यायला आली होती. जाताना तिने विचारले, "काका, खिडकीवर आधी काय सांगायचं?" मग आम्ही दोघे उंबऱ्यावर बसलो आणि एका कागदावर क्रमाने सगळे लिहून काढले. आई शेजारीच विड्या वळत ऐकत होती.