कॅव्हन्साइट की पेंटागोनाइट : एका चाचणी-अर्जाचा माझा अनुभव

खनिजांचे नमुने जमवणाऱ्याच्या लेखी नमुन्याइतकेच त्याच्या लेबललाही मोल असते, कारण नाव किंवा ठिकाण चुकीचे असेल तर उत्तम छायाचित्रही पाहणाऱ्याची दिशाभूल करते. संग्रहातल्या एका निळ्या नमुन्याचे नाव निश्चित करून घेताना मला जो मनस्ताप झाला, तो टाळता येण्यासारखा होता आणि म्हणूनच अजून ओसरलेला नाही.

नमुना पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला : बेसॉल्ट या काळ्या खडकाच्या पोकळीत वाढलेल्या स्टिलबाइट या फिकट खनिजावर गडद निळ्या, सुईसारख्या स्फटिकांचे झुबके. लेबलवर कॅव्हन्साइट लिहिलेले होते. वाघोलीचे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवले जाते, पण तिथेच त्याच्यापेक्षा दुर्मीळ असे पेंटागोनाइटही सापडते. अमेरिकेतील ओरेगॉनच्या नमुन्यांवरून १९७३ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या दोन खनिजांत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी अगदी सारख्याच प्रमाणात असते. वेगळी असते ती केवळ अणूंची रचना.

घोडे अडले ते नेमके इथेच. ज्या प्रयोगशाळेत मी अर्ज केला, तिथे मूलद्रव्यांचे विश्लेषण ही पहिली चाचणी सक्तीची होती. दोन्ही खनिजांची मूलद्रव्ये एकच असल्यामुळे या चाचणीतून काहीही निष्पन्न होणार नाही, हे मी तोंडी सांगितले, अर्जाच्या शेऱ्यात लिहिले आणि पुन्हा पत्राने कळवले. तरी चाचण्यांचा क्रम ठरलेला आहे, एवढेच उत्तर मिळत राहिले. दीर्घ प्रतीक्षेनंतर आलेल्या अहवालात कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन एवढीच नावे होती. त्या पद्धतीला हायड्रोजन दिसत नसल्याने पाण्याचा पुरावाही त्यात नव्हता. मग क्ष-किरण विवर्तनासाठी, म्हणजे क्ष-किरण स्फटिकातून कसे विखुरतात यावरून अणूंची रचना ओळखणाऱ्या चाचणीसाठी, नवा अर्ज आणि नवी रांग. त्या अर्जात पूड करून द्यायच्या नमुन्याचे जे किमान वजन मागितले होते, तेवढे माझ्या नमुन्यावरचे सगळे निळे स्फटिक खरवडूनही भरले नसते, आणि तो रकाना रिकामा ठेवला म्हणून अर्ज परत आला. जी वस्तू ओळखून जपायची, तीच दळून द्यावी, असे गृहीत धरणारा अर्ज छंदाने नमुने जमवणाऱ्यांचा विचार करून केलेला नसतो, हे मला आजही खटकते.

या प्रतीक्षेत मी छायाचित्रणाकडे वळलो. इतके बारीक स्फटिक मोठे करून टिपताना एका वेळी मिलिमीटरचा अगदी छोटा अंशच स्पष्ट दिसतो, त्यामुळे कॅमेरा सरकत्या पट्टीवर किंचित किंचित पुढे सरकवत अनेक चित्रे घ्यायची आणि फोकस स्टॅकिंगने, म्हणजे प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकावर जोडून, ती एकत्र करायची. प्रकाश ट्रेसिंग पेपरमधून गाळून घेतला, तरच स्फटिकांच्या पृष्ठांवरची चकाकी आटोक्यात येते. बाजूने घेतलेली चित्रे देखणी आली, पण निरुपयोगी ठरली. उपयोगी पडले ते सुईच्या टोकावरून सरळ खाली पाहत घेतलेले चित्र. त्यात पाच टोकांच्या चांदणीसारखा छेद स्पष्ट दिसला. पेंटागोनाइटचे स्फटिक पाचपाचांनी जुळून वाढतात आणि त्याचे नावही त्यावरूनच आले आहे. ते चित्र पडद्यावर जुळून आले तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही.

हेच छायाचित्र मी पुढच्या अर्जाला जोडले. ते पाहून तिथल्या एका तंत्रज्ञ बाईंनी, डबीत आधीच गळून पडलेला एक सूक्ष्म तुकडा एकस्फटिक विवर्तनासाठी (पूड न करता एकाच स्फटिकावर होणाऱ्या क्ष-किरण चाचणीसाठी) पुरेसा आहे, असे सांगून काम हाती घेतले. अहवाल पेंटागोनाइटचाच आला. गळालेले तुकडे म्हणूनच कधी टाकू नयेत. लहान कुपीत, मूळ नमुन्याचा क्रमांक घालून ठेवावेत.

अर्ज भरण्यापूर्वी रामन वर्णपटाची, म्हणजे लेसरचा प्रकाश नमुन्यावरून कसा विखुरतो ते पाहणाऱ्या चाचणीची, सोय आहे का, हे अवश्य विचारावे, कारण त्यासाठी नमुना दळावा लागत नाही आणि रचनेतला फरकही कळतो. आणखी एक आठवले : निळा रंग खरा यावा म्हणून पहिल्या चित्रात करडे कार्ड ठेवून श्वेत संतुलन साधून घ्यावे. नाव बदलले तरी जुने लेबल फेकू नये. नव्या लेबलवर चाचणीची पद्धत आणि तारीख लिहून दोन्ही एकत्र ठेवावीत, म्हणजे नमुना पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला हीच रांग पुन्हा लावावी लागणार नाही.