अंदाजे ३४७ कॅलरी

बडोद्याच्या कमाटीबागेत पहाटे फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या बोलण्यात पूर्वी गुडघे, रक्तातील साखर आणि परदेशी गेलेली मुले हे तीनच विषय असत. हल्ली त्यांत कॅलरींची भर पडली आहे. फेरी संपवून बाकावर टेकलेले काका घाम पुसण्याआधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात आणि "आज ३४७!" असे जाहीर करतात. तेवढेच अंतर त्यांच्याच बरोबरीने चाललेल्या काकूंचे घड्याळ मात्र २६१ वरच थांबलेले असते आणि हा आपल्यावर उघड अन्याय आहे, असे त्यांना वाटते. मला कुतूहल आहे ते काकांच्या आकड्यातील शेवटच्या साताचे. साडेतीनशे म्हटले असते, तर तो अंदाज आहे हे कोणीही ओळखले असते. ३४७ म्हटले की मोजून दिल्यासारखे वाटते.

वस्तुतः घड्याळ कॅलरी मोजतच नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोके टिपते, हाताची हालचाल नोंदवते आणि आपणच भरून दिलेले वय, वजन, उंची व लिंग यांची जोड देऊन कंपनीच्या एका सूत्रातून आकडा काढते. वीजमंडळाच्या माणसाने घरात न शिरता, रस्त्यावरून खिडक्यांतला उजेड पाहून बिल लिहावे, तसाच हा प्रकार आहे.

खरे मोजमाप करता येत नाही असे नाही, पण ते फार खटाटोपाचे असते. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकात एक बंदिस्त खोली उभारली होती. तिच्यात माणसाला कित्येक दिवस ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता आणि त्याचा श्वासोच्छ्वास मोजला जाई. आता तोंडावर मुखवटा बसवून शरीराने किती प्राणवायू वापरला ते पाहतात, कारण एक लिटर प्राणवायूमागे सुमारे ५ किलोकॅलरी खर्च होतात, हे प्रमाण बरेच पक्के आहे. (आपण व्यवहारात जिला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच.) मुखवटा लावून कमाटीबागेत फिरणे शक्य असले, तरी बाकावरच्या गप्पांचे काय होईल, हा प्रश्न उरतोच.

घड्याळांची परीक्षाही झालेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधायची सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट उपकरणाची चूक ९३ टक्क्यांवर गेली. म्हणजे नाडीपर्यंत सारे ठीक असते. नाडीवरून कॅलरीपर्यंत जाण्याच्या वाटेवर गडबड होते.

घड्याळ नसलेल्यांसाठी तक्ते असतात आणि तेही निर्दोष नाहीत. त्यांतील एकक 'मेट': स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, अर्थात दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू. सपाट रस्त्यावर ताशी सुमारे ५ किलोमीटर चालणे म्हणजे साडेतीन मेट. परंतु २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ माणसांचा स्वस्थ बसण्याचा खर्च प्रत्यक्ष मोजला, तेव्हा सरासरी २.६ मिलिलिटरच निघाली; पायाच असा ढिला असल्यावर वरच्या मजल्यांबद्दल काय बोलावे! तरीही मेटच्या हिशेबात वजन येत असल्यामुळे एक गोष्ट उलगडते. काकूंचे वजन काकांपेक्षा बरेच कमी आहे, त्यामुळे त्यांचा आकडा लहान असणे हा अन्याय नसून सूत्राने दाखवलेला थोडाफार शहाणपणाच म्हणावा लागेल.

मला याहून महत्त्वाची वाटते ती वजाबाकी, जी सहसा कोणी करत नाही. एक मेट म्हणजे ताशी दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी. सत्तर किलोचा माणूस तासभर चालला, तर तक्त्याप्रमाणे २४५ किलोकॅलरी होतात; पण तो घरी वर्तमानपत्र वाचत बसला असता, तरी त्याच तक्त्याप्रमाणे ७० खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १७५ एवढीच. या कमाईवर सेव-उसळ खाण्याचा हक्क सांगणारी मंडळी एका अंदाजातून दुसरा अंदाज वजा करत असतात, कारण गाडीवरच्या उसळीत किती तेल तरंगत होते, हे उसळवाल्यालाही ठाऊक नसते.

शिवाय बडोद्याच्या हवेचा वाटा आहेच. मे महिन्यात अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, त्यामुळे चाल तीच असली तरी नाडी वाढते, आणि मुख्यतः नाडीवर विसंबणारे घड्याळ तापलेल्या उन्हाचे श्रेय आपल्या पायांना देऊन टाकते. म्हणून एकाच ऋतूत, एकाच घड्याळावर, आजची फेरी कालच्या फेरीशी ताडून पाहावी, इतपत विश्वास मी त्या आकड्यावर ठेवतो. जानेवारीच्या फेरीशी मे महिन्याची फेरी मी ताडत नाही आणि शेजाऱ्याच्या घड्याळाशी तर मुळीच नाही.

नवरात्रात मात्र हाही विश्वास डळमळतो. गरब्यात पायांइतकेच हातही चालतात आणि घड्याळ नेमके टाळी वाजवणाऱ्या मनगटावर असते, त्यामुळे प्रत्येक टाळीचा हिसका त्याच्या नोंदीत जातो. माझ्या घड्याळात यासाठी 'नृत्य' असा एकच पर्याय आहे. मग कोणी कडेच्या रिंगणात सावकाश दोन टाळ्यांची बे ताळी खेळो, की मध्यभागी घामाघूम होऊन दोढियाची पावले टाको.